नेमाचा काही नेम नाही

७ ऑगस्ट २०२१. त्या दिवशी आमच्या सोसायटीत पहाटेपासून गोल्फ चालू होतं. म्हणजे टीव्हीवर. तोपर्यंत गोल्फ हा शब्द आम्हाला दोनच ठिकाणी भेटलेला. एक येरवड्याचा गोल्फ क्लब चौक, जिथे सिग्नलला थांबावं लागतं. आणि दुसरं नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, जिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, सकाळी लोक चालायला येतात, फक्त गोल्फ तेवढं होत नाही. पण टोकियोत अदिती अशोक पदकाच्या इतकी जवळ आली होती की, ज्यांनी जन्मात क्रिकेटसुद्धा पाहिलं नाही अशा समोरच्या काकू दारात येऊन "बर्डी झाली का हो?" असं विचारून गेल्या. "पाणी आलं का हो?" विचारतात, त्याच आवाजात. पदक एका फटक्याने हुकलं. अदिती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने भाला फेकून सुवर्णपदक आणलं आणि सोसायटीने गोल्फ जे सोडलं ते सोडलंच. माझ्या मनातून मात्र ते गेलं नाही, आणि मी ते चारचौघांत बोलून दाखवलं.

तेही नुसत्या बोलण्यावर निभावलं असतं. पण २०२३ साली श्रावण अधिक आला. जावयांना धोंड्याचं जेवण घातलं, तेहतीस अनारसे दिले, चांदीचं निरांजन दिलं. जावई हिंजवडीला कामाला आहेत आणि त्यांच्या कंपनीत वरच्या मजल्यावर जायच्या जिन्यात गोल्फ लागतं. त्यांनी नवा सेट घेतला होता. जुना गाडीच्या डिकीत पडून होता. "बाबा, तुम्हाला आवड आहे ना? हा ठेवा तुम्ही." जावयाकडून काही घेऊ नये असं म्हणतात, पण नको कसं म्हणायचं ते कुठल्या पोथीत दिलेलं नाही. आत चौदा काठ्या. "नियमाप्रमाणे चौदाच्या वर ठेवता येत नाहीत," हे जावयांनी अशा स्वरात सांगितलं, जणू मी पंधरावी मागणार होतो. धोंड्याच्या महिन्यात माझ्या गळ्यात धोंड आली ती ही. बॅग तेव्हापासून चपलांच्या कपाटाशेजारी उभी आहे. येणारा प्रत्येक कुरिअरवाला "काका, क्रिकेट का?" असं विचारतो, आणि आता मी हो म्हणतो.

शेवटी शिकायचं ठरवून मी सरावाच्या मैदानावर, म्हणजे रेंजवर, जाऊ लागलो. तिथे शिकवायला जो मुलगा आहे तो सव्वीस वर्षांचा. मी त्याला सर म्हणतो, तो मला सर म्हणतो. त्यामुळे बॉल उडेपर्यंत कोण कोणाला शिकवतंय ते तिसऱ्या माणसाला कळत नाही. उडाला की कळतं. उडाला नाही तर जास्तच कळतं.

"सर, नेम कुठे धरलाय?" त्याने पहिल्याच दिवशी विचारलं.

"झेंड्यावर." झेंडा दीडशे यार्डांवर फडफडत होता. दुसरं काय सांगणार?

"झेंडा विसरा."

मी बँकेत चौतीस वर्षं काढली. टार्गेट विसरा असं मला कोणी कधी म्हणालं नव्हतं. मी त्याच्याकडे आदराने बघितलं.

"आधी बॉलच्या मागे उभे राहा. झेंडा बघा. मग झेंडा ते बॉल अशी रेघ मनात ओढा आणि त्या रेघेवर बॉलच्या पुढे फूटभरावर काहीतरी शोधा. पान, काडी, मॅटवरचा डाग. बॉल त्या डागावरून न्यायचा. झेंड्याचं झेंडा बघून घेईल."

आता नेमाच्या बाबतीत माझ्या पिढीचं शिक्षण काही कमी झालेलं नाही. चिंचेला दगड मारले आहेत, बेचकीने कैऱ्या पाडल्या आहेत, आणि एका मे महिन्यात, ओसरीत, कॅरममध्ये सख्ख्या मामाला नील दिला आहे. या सगळ्यात एक गोष्ट ठरलेली: जे पाडायचं त्याच्याकडे बघायचं. कॅरममध्ये स्ट्रायकर, सोंगटी, भोक, तिन्ही डोळ्यांसमोर. गोल्फमध्ये तसं नाही. तुम्ही आडवे उभे. डावा खांदा झेंड्याकडे, हनुवटी खाली, नजर बॉलवर, आणि जिथे जायचं ते ठिकाण डाव्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी. लग्नाच्या हॉलमध्ये अबोला धरलेला चुलता जसा असतो: कुठे उभा आहे ते पक्कं ठाऊक, पण तिकडे बघायचं नाही.

नेमाचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी अर्जुनाचा पोपट काढतोच. मला फक्त डोळा दिसतो वगैरे. रेंजवर माझ्या शेजारी एक निवृत्त इंजिनियर मारतात, त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी काढला. मी म्हटलं, अहो, पोपट चुकीचा. पोपट समोर होता. तो कॅरम झाला. गोल्फ म्हणजे द्रौपदीच्या स्वयंवरातला मासा. बघायचं खाली आणि मारायचं भलतीकडे. आणि तिथेसुद्धा अर्जुनाला एक सवलत होती. खाली बघितलं तरी पाण्यात मासा दिसत होता. मला खाली बॉल दिसतो, मॅट दिसते आणि स्वतःचे बूट दिसतात. कोर्सवर पाणी असतं, नाही असं नाही, पण त्यात बघावं तर माझेच आधीचे बॉल.

मुलगा मनचं सांगत नव्हता, हे नंतर कळलं. जॅक निकलॉस, ज्याच्या नावावर अठरा मेजर स्पर्धा आहेत आणि तो आकडा अजून कोणाला गाठता आलेला नाही, तो हेच करायचा. बॉलच्या मागे उभा राहायचा, पुढ्यातली एखादी खूण हेरायचा आणि मग तिच्या हिशेबाने पाय लावायचा. १९७४ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने ते लिहूनही ठेवलं आहे. यामागचं कारण अगदी घरगुती आहे. भिंतीवर फोटो लावताना शिडीवर चढलेल्या माणसाला तो सरळच दिसतो. वाकडा आहे हे खोलीच्या मध्ये उभ्या असलेल्या बायकोला दिसतं. गोल्फमध्ये शिडीवर आपणच आणि खोलीच्या मध्येही आपणच. म्हणून आधी मागे जाऊन दोन्ही डोळ्यांनी रेघ बघून घ्यायची आणि बाजूला येईपर्यंत ती हरवू नये म्हणून जवळच खुंटी ठोकायची.

आणि हे हरवणं महागात पडतं. बॉल बहुतेक करून क्लबचं तोंड असेल त्या दिशेने निघतो. तोंड एका अंशाने फिरलं, तर १८० मीटरवर बॉल तीन मीटर बाजूला. माझं तोंड एकाच अंशाने वाकडं आहे असा दिवस अजून उजाडलेला नाही. या तोंडाला गोल्फमध्ये फेस म्हणतात, आणि ते नाव ज्याने ठेवलं त्याला मराठी येत असणार. पन्नास बॉलांची बास्केट संपेपर्यंत माझ्या तोंडाला तोच आलेला असतो.

खुंटीचं तंत्र मॅटवर जमलं. मॅटवर डाग पुष्कळ होते. पंचाईत झाली ती जावयांनी पहिल्यांदा कोर्सवर नेलं तेव्हा. मी विधिपूर्वक बॉलच्या मागे उभा राहिलो. झेंडा, बॉल, रेघ. फूटभरावर एक पिवळं पान. झकास. पानावरची नजर न काढता, पाट मांडून देवापुढे बसायला जाताना चालतात तसा मी बाजूने गेलो, पाय लावले, क्लब टेकवला, खाली बघितलं. पिवळी पानं सतरा. वर गुलमोहर उभा. त्या सतरांतलं माझं कोणतं, हे सांगायला एकही पान पुढे येईना. मी परत मागे गेलो. मागून बघितलं की पुन्हा एकच. पुन्हा बाजूला, पुन्हा सतरा. चौथ्या खेपेला मागच्या चौकडीतले एक गृहस्थ खुर्चीसारखी काहीतरी वस्तू उघडून तीवर बसले.

पुढच्या भोकाच्या वेळी मी शहाणपण केलं. खिशात शेंगा होत्या. एक टरफल काढलं आणि बॉलच्या पुढे रेघेवर नीट ठेवलं. आता हे टरफल काही गुलमोहरातून पडत नाही. मारणार, इतक्यात जावई म्हणाले, "बाबा, ते तसंच ठेवून मारलंत तर दोन फटके दंड." म्हणजे निसर्गाने टाकलेलं पान चालतं, मी टाकलेलं टरफल चालत नाही. २०१९ पासून तर पाय लावायला जमिनीवर आडवी काठी ठेवून मग ती उचलली, तरी दंड बसतो. आणि तुम्ही पाय लावायला लागलात की बॅग उचलणाऱ्या कॅडीने मुद्दाम मागे रेघेवर उभं राहून "थोडं डावीकडे" म्हणायचं नाही. आपल्याकडे एक गाडी मागे घ्यायची तर चार अनोळखी लोक "येऊ द्या, येऊ द्या" करत धावतात. तिथून आलेल्या माणसाला हा नियम फार एकाकी वाटतो.

पाय लावणं हे वेगळंच प्रकरण आहे. मला वाटायचं, झेंड्याकडे मारायचं तर पाय, कंबर, खांदे झेंड्याच्या रोखाने. "नाही सर. रेल्वेचे दोन रूळ समजा. लांबच्या रुळावर बॉल, जवळच्या रुळावर तुम्ही. बॉलचा रूळ झेंड्याला जातो. तुमचा त्याच्या डावीकडून." तर्काने बरोबर आहे. पण रूळ हे उदाहरण मराठी माणसाला देऊ नये. एक तर लांबवर बघितलं की दोन्ही रूळ एकमेकांना मिळालेले दिसतात, हे लहानपणापासून प्रत्येक स्टेशनवर बघितलेलं; आणि दुसरं म्हणजे रुळावर उभं राहिलं की लक्ष झेंड्याकडे राहत नाही, मागून काही येतंय का तिकडे राहतं.

म्हणून मी तो अभ्यास घरी केला. हॉलच्या फरशीच्या रेघा दोन-दोन फुटांवर, एकदम समांतर. एका रेघेवर बॉल, दुसरीवर पावलं. रोज सकाळी चहानंतर दहा मिनिटं मी खाली मान घालून तिथे उभा राहतो.

"अहो, काही सांडलंय का?" पहिल्या दिवशी आतून आवाज आला.

"नाही."

"मग काही हरवलंय का?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी टाळलं.

यानंतर डोळ्यांचा प्रश्न निघाला. आपल्याला हात जसा उजवा किंवा डावा चालतो तसा डोळाही चालतो, हे मला सत्तरीच्या उंबरठ्यावर कळलं. दोन्ही हातांच्या पंजांचा त्रिकोण करायचा, त्यातून लांबची एक वस्तू बघायची, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला ती वस्तू त्रिकोणातच दिसत राहते, तो घरातला कर्ता. निकलॉसचा डावा होता. फटका सुरू करायच्या आधी तो हनुवटी हलकेच उजवीकडे वळवायचा, म्हणजे डाव्या डोळ्याला बॉल सुटत नसे. मी गच्चीवर जाऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर ही परीक्षा घेतली. माझा उजवा कर्ता निघाला. त्या इमारतीतल्या एका बाईंनी मात्र आमच्या सौभाग्यवतींना फोन करून "तुमचे मिस्टर आमच्याकडे बघून कसल्या खुणा करतात?" अशी चौकशी केली.

पण कर्ता कोणीही असो, वर चष्मा प्रोग्रेसिव्ह असला की घरात कोणाचंच चालत नाही. हे दुःख साठीच्या पुढच्या गोल्फवाल्यांनाच कळेल. या चष्म्याची वरची काच लांबचं बघायला, खालची वाचायला. खालची काच हातभरावरच्या पेपरसाठी केलेली. आणि बॉल असतो खाली, पण पाच फुटांवर. मान न हलवता नुसती नजर खाली टाकली की बॉल वाचनाच्या काचेत सापडतो आणि धुक्यातल्या मोदकासारखा दिसतो. कळी, पाकळी, काही ओळखू येत नाही. बरं, वरच्या काचेतून बघावं म्हणून मान खाली घातली, तर हनुवटी छातीला टेकते आणि खांदा वळायला जागाच राहत नाही. बॉल ४२.६७ मिलिमीटरचा. त्याहून थोडा मोठा असेल, पण लहान नियमाने चालत नाही. माझ्यासाठी नियमात वरची मर्यादा घालून दिलेली नाही, ही त्यातली आशेची जागा. चष्मेवाल्याने शेवटी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून दिला. आता बॉल स्वच्छ दिसतो, पण स्कोअरकार्ड वाचता येत नाही. ही सोय वाईट नाही.

बॉल स्वच्छ दिसायला लागल्यावर सरांनी पुढचा धडा काढला. बॉल हे घड्याळ समजायचं. झेंड्याकडे बारा. आणि मारायचं सातवर, म्हणजे मागून, आपल्या बाजूच्या अंगाला. त्यामुळे क्लब आतल्या बाजूने येतो आणि बॉल उजवीकडे वळून पळत नाही. मी सातकडे रोखून बघितलं आणि मारलं. माझा फटका ना सातवर बसला, ना आठवर; तो घड्याळाच्या काचेवर बसला. याला गोल्फमध्ये टॉप म्हणतात. टॉप या शब्दाची एवढी मानहानी मी दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात बघितलेली नाही.

त्याच सुमारास शेजारच्या इंजिनियर साहेबांनी मला होमर केली हे नाव सांगितलं, आणि ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. केली हा अमेरिकन माणूस; १९६९ मध्ये त्याने गोल्फच्या फटक्याचं यंत्राप्रमाणे सुटं करून मांडलेलं पुस्तक काढलं. फटक्याचे चोवीस घटक, प्रत्येकाचे प्रकार, प्रकारांना क्रमांक. थोडक्यात, वॉशिंग मशिनबरोबर येतं तसलं पुस्तक, पण कपडे आपण. त्याचं एक म्हणणं असं की, हातांचा रोख बॉलवर ठेवायचाच नाही, जमिनीवरच्या एका ठरावीक बिंदूवर ठेवायचा. हात तिकडे गेले की क्लब आपसूक बॉलला लागतो. आणि क्लब बदलला की तो बिंदूही सरकतो. कल्पना मोठी हुशारीची आहे, मला नाकारायची नाही. अंधारात जिना उतरताना आपण पायरी बघत नाही, कठड्याला हात लावतो आणि पाय बरोबर पडतो, तसंच काहीसं. पण आता माझ्या पायापुढच्या दोन फुटांत काय काय झालं ते बघा: फूटभरावर पान, दोन रूळ, सात वाजलेलं घड्याळ आणि केलीसाहेबांचा सरकता बिंदू. जमिनीची मोजणी झाल्यावर बांधावर जेवढ्या खुणा असतात, तेवढ्या. आणि मोजणीनंतर भावाभावांत जे होतं तेच माझ्या दोन हातांत झालं.

एवढ्या खुणा बघायला वेळ किती? क्लब वरून खाली यायला पाव सेकंद. क्लब आणि बॉल यांची गाठ पडते ती एका सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरती. तेवढ्यात डोळ्याला काही दिसत नाही. निकलॉसलाही दिसत नसणार. तरीही गोल्फमध्ये फटका बिघडला की मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाकडे एकच निदान तयार असतं: "डोकं वर उचललंत." गुडघा चुको, मनगट चुको, पंचांग चुको, डोकं उचललंत. आपल्याकडे कोणत्याही आजारावर "पोट साफ नाही" म्हणतात तसं हे आहे. मी जरा वाचून ठेवलं होतं. म्हटलं, सर, अॅनिका सोरेनस्टॅमचं डोकं तर बॉलला क्लब लागतानाच झेंड्याकडे वळायला लागलेलं असायचं. डेव्हिड डुव्हलचंही. त्याने २००१ ची ब्रिटिश ओपन जिंकली, आणि त्याच वर्षी तिने एका फेरीत ५९ फटके लावले.

सरांनी शांतपणे विचारलं, "आणि तुमचे किती लागतात?"

नऊ भोकांत लागतात तेवढे लागतात, असं सांगून मी विषय बदलला.

पटिंगमध्ये, म्हणजे बॉल जवळून भोकात ढकलण्यात, तरी बरं असेल असं वाटलं होतं. भोक १०८ मिलिमीटरचं, बॉल त्यात दोन शेजारी शेजारी बसून जागा उरेल एवढं. अंतर हॉल ते स्वयंपाकघर. इथे कॅनडातल्या कॅल्गरीच्या जोन विकर्स यांचा अभ्यास आहे. चांगले खेळणारे कुठे बघतात हे त्यांनी डोळ्यांवर यंत्र लावून तपासलं. चांगल्यांची नजर मारायच्या आधी दोन-तीन सेकंद बॉलवरच्या एकाच जागी निवांत टेकलेली असते आणि बॉल गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते. बाकीच्यांची नजर भिरभिरते. त्यांनी या स्थिर नजरेला शांत डोळा असं नाव दिलं. माझा डोळा त्या दोन सेकंदांत बॉल, भोक, जावई, जावयांचं घड्याळ, एक घार आणि परत बॉल अशी अष्टविनायक यात्रा करून येतो. याच्या उलट जॉर्डन स्पीथ. तो जवळचे पट बॉलकडे न बघता भोकाकडे बघून मारायचा आणि त्याने २०१५ ची मास्टर्स जिंकली. मी तेही करून बघितलं. हॉलमध्ये स्टीलचा पेला आडवा ठेवला, पेल्याकडे बघत मारला. बॉल पेल्यात गेला नाही. तो दिवाणाखाली गेला, आणि तिथे आधीच तीन होते.

चौथा काढायला मी दिवाणाखाली आडवा झालो होतो, तेव्हा उघड्या दारातून उंबऱ्याबाहेर सौभाग्यवती रांगोळी काढताना दिसल्या. मार्गशीर्षातला गुरुवार होता. ठिपक्यांची रांगोळी. जमिनीला डोळा लावल्यामुळे मला ती अशी दिसत होती जशी रोज उभ्याने कधी दिसली नव्हती. अंगठा आणि तर्जनी, त्यांच्यातून पांढरी धार, आणि धारेचं तोंड एका ठिपक्याला वळसा घालून दुसऱ्याकडे निघालेलं. हात थांबत नव्हता. रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. चाळीस वर्षं मी त्या रांगोळीवरून पाय उचलून पेपर आणायला गेलो आहे.

"तू बघतेस कुठे?" मी दिवाणाखालून विचारलं.

"अं?"

"रेघ ओढताना. हाताकडे बघतेस की रेघेकडे?"

"हाताकडे कशाला बघू? हात काय पळून जाणारेय?" धार चालूच होती. "पुढच्या ठिपक्याकडे. रेघेकडे बघितलं की रेघ वाकडी येते."

निकलॉसला ज्यासाठी पुस्तक लिहावं लागलं ते असं दोन वाक्यांत, उंबऱ्यावर. शिवाय यात आणखी एकीचं संशोधन फुकट मिळालं. गॅब्रिएले वुल्फ नावाच्या बाईंनी नवशिक्यांना गोल्फ शिकवून बघितलं होतं, १९९९ साली. काहींना सांगितलं, हातांकडे लक्ष द्या. काहींना सांगितलं, क्लब कसा फिरतोय तिकडे लक्ष द्या. क्लबवाल्यांचा नेम चांगला निघाला. हात काय पळून जाणारेय.

"म्हणजे ठिपक्यावर पोचेपर्यंत नजर त्याच ठिपक्यावर असते, की पोचायच्या आधीच पुढच्यावर जाते?"

आता तिने मान वर केली. मग खाली बघितलं. मग मुद्दाम ठिपक्याकडे बघितलं. धार जरा थबकली, जाड झाली आणि वळशाचा कोन झाला.

"झालं समाधान?" तिने बोटाने तेवढी रेघ पुसली. "तुम्ही विचारलंत म्हणून वाकडी आली. उठा आधी तिथून."

गोल्फच्या इतिहासात याला उदाहरण आहे. राल्फ गुलडाल नावाचा अमेरिकन. १९३७ आणि १९३८, लागोपाठ दोन वर्षं यूएस ओपन जिंकला, १९३९ ला मास्टर्स जिंकला. तेव्हा त्याला पुस्तक लिहायला सांगितलं, तुम्ही फटका कसा मारता ते समजावून द्या. त्याने लिहिलं. आणि १९४० नंतर त्याला एकही स्पर्धा जिंकता आली नाही. पुस्तकामुळेच त्याचा खेळ गेला, असं गोल्फवाले शपथेवर सांगतात. खरंखोटं तो जाणे. पण मी त्या दिवसापासून घरातल्या कोणालाही, पोळी गोल कशी येते, हे विचारलेलं नाही.

गेल्या महिन्यात जावयांनी पुन्हा कोर्सवर नेलं. या वेळी कॅडी होते, साधारण माझ्याच वयाचे. सगळे त्यांना मामा म्हणत होते. मामांना रूळ, घड्याळ, बिंदू यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे प्रत्येक भोकाला एक खूण होती आणि ती क्षितिजावर होती. "सायेब, त्या टाकीवर ठेवा." "सायेब, दोन नारळांच्या मधून." तिसऱ्या भोकाला ते म्हणाले, "त्या फ्लेक्सवरच्या भाऊंच्या डाव्या कानावर." मी कोर्सच्या कुंपणापलीकडे बघितलं. भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. दोन्ही कान स्पष्ट दिसत होते. मारला. बॉल भाऊंच्या कार्यकर्त्यांकडे गेला, खालच्या ओळीत उजवीकडे, जिथे लहान फोटो असतात. पण तोही निदान फ्लेक्सच्या हद्दीत राहिला, म्हणून मामांनी मान डोलावली.

सातव्या भोकाला मामांनी लांबवर बोट दाखवलं. कुठल्याशा टॉवरचं बांधकाम चालू होतं. "ती क्रेन दिसली का? पिवळी. तिच्या दांड्याचं टोक. बास."

या वेळी मी ठरवलं होतं, सगळं साग्रसंगीत करायचं. बॉलच्या मागे गेलो. दांड्याचं टोक, बॉल, रेघ. फूटभरावर एक मेलेला भुंगा पडला होता; एकच होता, सतरा नव्हते. बाजूला आलो. रुळावर पाय लावले. डोकं वर करून टोक बघितलं. पाय किंचित चुकले होते, टोक थोडं डावीकडे होतं. पाय सरकवले. परत बघितलं. अजून जरा डावीकडे. भुंगा आता रेघेवर वाटेना. त्याच्या पुढचं एक गवताचं पातं धरलं. परत बघितलं. डोळा फसतो, हे मला सरांनी बजावलेलंच होतं, त्यामुळे मी डोळ्याऐवजी पायांना दोष देत राहिलो आणि इमानदारीने वळत राहिलो. मागे कोणी काही बोललं नाही. नियम आहे. अखेर टोक, पातं, बॉल, सगळं एका ओळीत आलं. नजर बॉलवर टेकवली. दोन सेकंद. घार नाही, जावई नाहीत, घड्याळ नाही.

आवाजावरून कळलं. असा आवाज माझ्या क्लबमधून कधी निघाला नव्हता; पाडाला आलेली कैरी बेचकीच्या खड्याने देठापासून सुटावी तसा. बॉल वर गेला, लहान झाला आणि काढल्या रेघेवरून सरळ, जराही न वळता, क्रेनच्या पिवळ्या टोकाच्या बरोबर खाली जाऊन पडला.

"फोर!" मामा जिवाच्या आकांताने ओरडले. शेजारच्या फेअरवेवर चार माणसं डोक्यावर हात धरून खाली बसली.

आमचा झेंडा तिथून बराच उजवीकडे होता. क्रेनचा दांडा डावीकडे फिरून थांबला होता आणि त्यावरून लोखंडी सळयांचा एक भारा हळूहळू खाली उतरत होता.

मामांनी माझ्या हातातून क्लब घेतला, फडक्याने तोंड पुसलं आणि बॅगेत ठेवला. "शॉट एक नंबर होता, सायेब," ते म्हणाले. "क्रेनच हलली."

जावयांनी कार्डावर काहीतरी लिहिलं. किती ते मी बघितलं नाही. डोकं खाली ठेवलं होतं.